हसण्याआधीची जागा

त्या वस्तीत दारूचा आग्रह कुणी करत नाही. पाहुण्यासमोर भरलेला ग्लास ठेवतात, स्वतःचे ग्लास भरून घेतात आणि थांबतात. पाहुण्याने पहिला घोट घेईपर्यंत खोलीतला एकही माणूस ग्लासाला हात लावत नाही. कुणी रागावत नाही, टोचून बोलत नाही. गप्पा चालू असतात. मग त्या हळूहळू विझतात आणि वीस-पंचवीस पुरुष हात मांडीवर ठेवून, भरल्या ग्लासांच्या मागून, पाहुण्याकडे मायेने बघत बसतात.

साउंडवाल्याला ही रीत ठाऊक होती. सिनेमाचं वेड असलेल्या कुणालाही ती ठाऊक असते, कारण ती पडद्यावर आली आहे. वीजमीटर तपासायला एका दिवसासाठी खाणवस्तीत आलेला तरुण; त्याची परतीची बस चुकते आणि खाणीवरची माणसं त्याला बारमध्ये नेतात. पुढे तो माणूस म्हणून परत येत नाही. त्या सिनेमात भूत नाही, खून नाही. हसरी, मोकळी, पाठीवर थाप मारणारी माणसं आहेत आणि त्यांच्या प्रेमाच्या तावडीत सापडलेला एकजण आहे. चाळीसेक वर्षं झाली, तरी लोक तो एकट्याने बघायला बिचकतात.

सिनेमा याच वस्तीत, याच बारमध्ये, इथल्याच माणसांना घेऊन काढला होता. रीत आधीची की सिनेमा आधीचा, हे मात्र आता वस्तीतही कुणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

साउंडवाला आला होता तो गलक्यासाठी. जुन्या सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत काढायचं काम एका कंपनीने घेतलं होतं. चित्र शाबूत राहिलं होतं. नटांचे संवाद वेगळ्या फितीवर होते, तेही वाचले. पण बारमधल्या प्रसंगामागचा गलका, म्हणजे हसणं, ग्लासांचे आवाज, खुर्च्या, ओरडा, ती फीत डब्यातच कुजून गेली होती. थिएटरात वापरून घासलेली एक प्रत तेवढी उरली होती. तिच्यावर गलका होता, पण खरखरीच्या आड. तो नव्याने घ्यायचा तर त्याच खोलीत घ्यावा लागणार होता, कारण पत्र्याचं छत आणि बुटक्या भिंती मिळून त्या खोलीत आवाज जसा घुमत होता तसा दुसरीकडे घुमला नसता. ती घासलेली प्रत साउंडवाल्याने इतक्या वेळा ऐकली होती की कुठल्या हसण्यानंतर कुठली खुर्ची सरकते हे त्याला पाठ झालं होतं.

हे काम त्याला मिळालं त्यामागे दोन कारणं होती. कान चांगला होता, आणि तो स्वस्तात मिळत होता. स्वस्तात मिळायचं कारण दारू. एका चित्रीकरणात तो यंत्राशेजारी झोपलेला सापडला होता, दुसऱ्यात सापडलाच नव्हता. पहिला घोट घेतल्यानंतरचं त्याला काही आठवत नसे. घोट आठवायचा आणि मग थेट कुठली तरी सकाळ. बायकोने त्याला घराबाहेर काढलं होतं आणि गेल्या हिवाळ्यात परत घेतलं होतं, एका अटीवर. ‘प्यायलास का, असं मी कधी विचारणार नाही,’ ती म्हणाली होती. ‘रोज संध्याकाळी फोन कर. मला ऐकू येईल. ज्या दिवशी ऐकू आलं, त्या दिवशीपासून येऊ नकोस.’ आणि तिला ऐकू येत असे. त्याच्या नुसत्या ‘हॅलो’वरून तिला कळे. आवाजाच्या धंद्यात तो होता, पण घरातला तयार कान तिचा होता.

बस सकाळी पोचली. काळ्या धुळीचा एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं, टोकाला पाण्याची उंच टाकी आणि तिच्यापलीकडे खाणीने खाल्लेला डोंगर. उतरायची सोय एकाच ठिकाणी होती. ती चालवणाऱ्या बाईला सगळी वस्ती ताई म्हणत असे, तिच्याहून मोठे पुरुषसुद्धा. तिने त्याला खोली दाखवली, पाणी कधी येतं ते सांगितलं, फोनला फक्त टाकीच्या शिडीवर रेंज मिळते हेही सांगितलं. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. साउंडवाल्याची नजर तिथे गेलेली पाहून ती म्हणाली, “ओळखलंत ना? सिनेमात आहे तो. पण पाठमोरा.”

मग चहा गाळता गाळता तिने सांगितलं. हिरोचा चेहरा दिसायचा तेव्हा हिरो बसायचा आणि त्याच्या ग्लासात रंगीत पाणी असायचं. पाठ दिसायची तेव्हा तिचा भाऊ बसायचा, बांधा सारखा म्हणून. त्याच्या ग्लासात खरी असायची. साहेबांना, म्हणजे दिग्दर्शकांना, समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावर खरं हसू हवं होतं, आणि खरं हसू खऱ्या पिणाऱ्याला बघूनच येतं असं त्यांचं म्हणणं. भाऊ त्या दुपारी प्यायला तो दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायला उरला नाही.

“कुणी पाजली नाही त्याला,” ती म्हणाली. “त्यालाच आवरलं नाही. सगळे तिथे होते, सगळे तेच सांगतात. थांब म्हटलं तरी थांबेना. आईने पुढे त्याचं नाव घेणंच टाकलं. कुणी काढलं तर उठून जायची.” तिने कप त्याच्यापुढे ठेवला. “मी पण होते. मागे मोरीत ग्लास विसळत होते, लहान होते. तिथून सगळा गोंधळच ऐकू येतो.”

अजूनही बारचे ग्लास तीच विसळायची.

बारमध्ये दुपारी शिरलं तरी दिवे लावावे लागत. चित्रीकरणासाठी खिडक्यांच्या काचा आतून काळ्या रंगवल्या होत्या, त्या कुणी खरवडल्याच नव्हत्या. कॅमेरा जिथे होता तिथे जमिनीवर पांढऱ्या खुणा होत्या. पुसट होतील तशा त्या पुन्हा रंगवल्या जात. भिंतींवर सिनेमाचे फोटो. मधल्या टेबलापाशी पाठीला उभ्या पट्ट्या असलेली एक खुर्ची, पडद्यावरची तीच. तिचा एक पाय मोडून पुन्हा जोडलेला होता. मागच्या भिंतीत मोरीकडे उघडणारी हातभर रुंदीची खिडकी होती, त्यातून रिकामे ग्लास आत जात आणि धुतलेले बाहेर येत. बायका त्या खोलीत पाऊल टाकत नसत. तसा नियम कुणी केला नव्हता.

सगळे आपापल्या जागी बसले होते. जागा ठरलेल्या होत्या. दर शनिवारी दुपारी ते हा प्रसंग करत, सिनेमात होता तसा, आधी गंमत म्हणून आणि मग सवयीने. जो मेला त्याच्या जागी त्याचा मुलगा बसे आणि बापाचं हसणं हसे. मधोमध, रिकाम्या खुर्चीच्या समोर, खाणीचा निवृत्त फोरमन बसला होता. साऱ्या वस्तीचा तो दादा. फोटोत तो उभ्या छातीचा जवान होता. आता खांदे पडले होते, पंजे तेवढे तसेच राहिले होते.

साउंडवाल्याने आल्या आल्याच सांगून टाकलं की तो घेत नाही.

“डॉक्टरने सांगितलंय का?” दादाने विचारलं.

“बायकोने.”

“मग प्रकरण गंभीर आहे,” दादा म्हणाला, आणि खोली हसली. हसू चांगलं होतं, पत्र्यावर आपटून खाली आलं. साउंडवाल्याने मनात त्याची नोंद केली.

त्याने सुचवलं की सगळ्यांनीच ग्लासात पाणी घ्यावं. दादाने मान हलवली. पाण्याचा गलका वेगळा येतो, तुमच्याच कानाला खटकेल, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. पण मग पाहुणा पीत नाही तर बाकीचे कसे पिणार? त्यावर शेजारच्या बाकावरच्या मेकॅनिकने तोडगा काढला. हा तिशीचा, खाणीच्या कंप्रेसरवर काम करणारा, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या बापाच्या जागेवर बसलेला. शनिवारी करतो तसं करू, तो म्हणाला. शनिवारी खुर्ची रिकामी असते. तिच्यासमोरही ग्लास भरतात, दादा त्यातला एक घोट जमिनीवर सांडतो, आणि मग सगळे पितात.

साउंडवाल्याने मधल्या टेबलावर वरून माइक सोडला, यंत्र भिंतीशी मांडलं, कानांवर हेडफोन चढवला. दादाने घोट सांडला. खुर्चीखालची जमीन तेवढ्या जागी काळपट झालेली होती.

गलका सुरू झाला, आणि साउंडवाल्याच्या अंगावर काटा आला. खरखरीशिवाय तोच आवाज. तीच हाक, तोच ठसका, तीच डावीकडची खुर्ची. मेलेल्या माणसांची हसणी त्यांच्या मुलांच्या गळ्यांतून बिनचूक येत होती. तो डोळे मिटून, पाठ असलेल्या फितीशी एकेक आवाज जुळवत गेला. पाचवा ग्लास टेबलावर आपटला. टाळ्या. सहावा.

आणि गलक्यात एक जागा पडली.

सगळे एकदम थांबले. दमले म्हणून नाही. कुणी बोलत असताना ऐकायला थांबावं तसे. एक लहानसं वाक्य मावेल एवढी ती जागा होती. मग सगळे एका दमात हसले, सिनेमात हसतात तसेच, आणि गलका पुढे गेला.

त्याने डोळे उघडले. घासलेल्या प्रतीवर इथे जागा नव्हती. इथे संगीत होतं. अख्ख्या प्रसंगात तेवढ्याच ठिकाणी साहेबांनी संगीत चढवलं होतं, मोठं, अंगावर येणारं. प्रसंगाचा कळस म्हणून ते घातलं असावं असं साउंडवाल्याला नेहमी वाटत आलं होतं.

त्याने यंत्र थांबवलं आणि साधाच प्रश्न विचारला: मध्ये सगळे का थांबले?

“तिथे थांबायचं असतं,” मेकॅनिक म्हणाला. “थांबायचं, मग हसायचं. बाबांनी तसंच शिकवलंय.”

“कशाला हसायचं?”

मेकॅनिकने दादाकडे पाहिलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. खोलीतले म्हातारे ग्लासांकडे बघत होते.

“सवय आहे,” दादा म्हणाला. “पुन्हा घ्या. नाही थांबणार.”

पुन्हा घेतलं. सहावा ग्लास आपटला आणि जागा पडली. या वेळी ती भरायला एकदोघांनी तोंड उघडलंही होतं, पण आवाज निघाला नाही. मग सगळे हसले. हसून झाल्यावर एकमेकांकडे बघू लागले. मागच्या खिडकीपलीकडे नळाची धार मघापासून वाहत होती, ती आता बंद झाली. हे फक्त साउंडवाल्याला, हेडफोनमधून, ऐकू आलं.

दादाने रुमालाने मान पुसली. दोष खुर्चीचा आहे, तो म्हणाला. रिकाम्या खुर्चीने आवाज पोकळ येतो. पाहुणे, तुम्ही बसा तिथे, मग गाडी अडायची नाही.

यातलं अर्धं खरं होतं. माणूस बसलेला असला की आवाज त्याच्यावर अडतो, तो नसला की मागच्या भिंतीवरून परत येतो. दोन्ही ध्वनिमुद्रणांत मधोमध तो पोकळपणा होता आणि साउंडवाल्याला तो खटकत होता. काम नीट व्हावं एवढंच त्याच्या डोक्यात होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. यंत्र चालू करून, हेडफोनची लांब वायर ओढत, तो खुर्चीवर जाऊन बसला.

त्याच्यासमोर ग्लास भरला गेला. वास नाकात शिरला आणि तोंडाला आपोआप पाणी सुटलं.

“करा सुरू,” तो म्हणाला.

कुणी सुरू केलं नाही.

“खुर्चीत माणूस आहे आता,” मेकॅनिक समजूत घालावी तसं म्हणाला. “तुम्ही घेतल्याशिवाय कसं घेणार? एक घोट. गलक्यापुरता.”

मग गप्पा विझल्या. हात मांड्यांवर गेले. साउंडवाल्याने आयुष्यात शेकडो खोल्यांची शांतता ध्वनिमुद्रित केली होती. त्याच्या कामात ती लागतेच. कुठल्याही खोलीत शेवटी सगळ्यांना गप्प बसवून तिथली नुसती शांतता घेऊन ठेवतात, पुढे जोडकामाला उपयोगी पडते. इतकी भरगच्च शांतता त्याने ऐकली नव्हती. हेडफोनमध्ये पंचवीस माणसांचे श्वास होते, आणि ते हळूहळू एकाच लयीत यायला लागले होते. एकाच्याही चेहऱ्यावर वाईट भाव नव्हता. ते त्याची वाट बघत होते, एवढंच. दारात उभं राहून जेवायला घरच्याची वाट बघावी तशी.

एक घोट. कुणाला कळणार होतं? कामासाठी होता. संध्याकाळपर्यंत वास जाईल, आवाज जागेवर येईल. उद्याच्या बसने घरी. तेवढ्यात हेडफोनमध्ये काचेवर नख आपटल्याचा बारीक आवाज आला. कुणाचं नख, म्हणून त्याने पाहिलं. त्याचंच होतं. ग्लास त्याच्या हातात होता, टेबलापासून वीतभर वर. तो कधी उचलला हे त्याला आठवेना.

त्याने ग्लास बाजूला नेला आणि एक घोट जमिनीवर सांडला. त्या काळपट जागेवर.

खोली गोंधळली. दोघांतिघांनी दादाकडे पाहिलं. घोट तर गेला होता. कुठे गेला याचा नियम नव्हता. कुणीतरी स्वतःचा ग्लास उचलला, मग दुसऱ्याने, आणि गलका सुरू झाला.

आता तो गलक्याच्या आत होता. भिंतीशी उभं राहून ऐकलेला आवाज वेगळा आणि इथला वेगळा. इथे प्रत्येक हसण्याचं तोंड त्याच्याकडे होतं. प्रत्येक ग्लासाबरोबर माणसं थोडी पुढे वाकत होती, पाठीवर थापा पडत होत्या, आणि त्या थापांमध्ये माया होती. पाचवा ग्लास. टाळ्या. सहावा.

जागा पडली.

पंचवीस माणसं त्याच्याकडे बघत थांबली. आणि त्या खुर्चीत बसलेला, गळ्याशी आलेला कुठलाही माणूस जे म्हणेल ते साउंडवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

“पुरे, दादा.”

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. म्हाताऱ्यांपैकी एकाने डोळे मिटून घेतले. आणि खोली हसली. हसू आलं म्हणून नाही, हसायची वेळ झाली म्हणून. म्हातारेही हसले. डोळे मिटलेला मिटल्या डोळ्यांनीच हसला.

मग हात आले. दोन डाव्या खांद्यावर, दोन उजव्या. मेकॅनिकचा हात त्याच्या कपाळावर आला आणि डोकं मागे कललं, खुर्चीच्या पाठीवर, नेमकं टेकेल तितकं. कुणी झटापट केली नाही. रोजचं काम करावं तसे सगळे आपापल्या जागेवरून उठले होते. हेडफोन घसरून गळ्यात पडला. समोर दादाचा पंजा भरलेला ग्लास घेऊन येत होता. दादा त्या पंजाकडे बघत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. त्याचे ओठ हलत होते, पण हात थांबत नव्हता. साउंडवाल्याने दात आवळले. काच दातांवर वाजली. दारू ओठांवरून हनुवटीवर, गळ्यावर आली, आणि थोडी आत, हिरड्यांना लागली, कडवट, ओळखीची. त्याला ओरडायचं होतं. पण ओरडायला तोंड उघडावं लागलं असतं.

“कट.”

आवाज बाईचा होता. मोठा नव्हता.

सगळे हात एकदम सुटले. पडद्यामागची शिस्त चाळीस वर्षांनीही अंगात होती. प्रत्येकजण होता तिथे, होता तसा थांबला. कुणाचा ग्लास अधांतरी, कुणाचं तोंड हसण्यासाठी उघडं. साउंडवाला खुर्चीतून बाजूला पडला आणि थुंकला, पुन्हा थुंकला, बाहीने जीभ पुसली.

ताई मोरीच्या खिडकीत नव्हती. ती खोलीत उभी होती, ओल्या हातांनी, कॅमेऱ्याच्या पांढऱ्या खुणांपाशी.

“त्या दिवशी मी वाट बघत होते,” ती म्हणाली, “साहेब कट म्हणतील म्हणून. सारखं म्हणायचे दिवसभर. तेव्हाच म्हणाले नाहीत.”

ती दादाकडे वळली.

“दादा, तिथे तो काय म्हणाला होता?”

दादाने ग्लास टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला, तो आडवा झाला. दारू टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकायला लागली. यंत्र अजून चालूच होतं. पुढे त्या मुद्रणात हे ठिबकणं बराच वेळ ऐकू येतं, आणि मग दादाचा आवाज.

“पुरे म्हणाला. ‘दादा, पुरे.’ दोनदा म्हणाला.” त्याने आडवा ग्लास उभा केला. “आम्हाला वाटलं, सिनेमातलं म्हणतोय.”

थोड्या वेळाने त्याने स्वतःच ते दुरुस्त केलं. “नाही. तसं नव्हतं वाटलं.”

ताईने मान डोलावली, जणू कुणी बाजारभाव सांगितला. तिने साउंडवाल्याला विचारलं, आत्ताचं वाजवता येईल का. त्याने वाजवलं. हेडफोन तिच्या कानांना मोठा होत होता, तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. तिन्ही मुद्रणांतली ती जागा तिने ऐकली. पहिली, दुसरी, आणि तिसरी, ज्यात परक्या माणसाचा आवाज होता. इतकी वर्षं दर शनिवारी ती भिंतीपलीकडे हेच ऐकत आली होती, नळाच्या आवाजाखाली.

“हे सिनेमात जाईल?” तिने विचारलं.

त्याने खोटी आशा दाखवली नाही. जागा मी बुजवणार नाही, आहे तशी पाठवीन, तो म्हणाला. वर संगीत चढवायचं की नाही ते कंपनीच्या हातात.

माणसं एकेक करून उठली. मेकॅनिक साउंडवाल्यापाशी आला, काहीतरी बोलायला, आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत उभा राहिला. मग तोही गेला. दादा बसून होता. ताईने मधली खुर्ची उचलली, जोडलेला पाय सांभाळत दारातून आडवी काढली आणि भर रस्त्यातून घराकडे घेऊन गेली. घरांच्या उंबऱ्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या.

सूर्य डोंगराच्या खाणीत उतरत होता तेव्हा साउंडवाला टाकीच्या शिडीवर चढला. तोंड त्याने चार वेळा धुतलं होतं. तरी शर्टाच्या कॉलरला वास होता आणि हिरड्यांना ती चव होती, आणि त्या चवीने अंगात कुठेतरी दार किलकिलं केलं होतं हेही त्याला समजत होतं. खाली बारचा दिवा चालू होता. दार उघडंच होतं. आत ग्लास भरलेलेच होते आणि अडवायला कुणी नव्हतं.

फोन लागला.

“हॅलो,” तो म्हणाला.

पलीकडे ती काही बोलली नाही. तिला ऐकू आलं होतं; नेमकं काय ऐकू आलं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्या शांततेत त्याला घर ऐकू येत होतं. पंखा. बादलीत पडणारे नळाचे थेंब. त्यांच्या मुलीने खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज. पूर्वी अशी शांतता आली की तो ती घाईघाईने भरून टाकायचा, मिळेल त्या शब्दांनी. आज त्याने ती पुरती होऊ दिली.

“ओठांना लागली,” तो म्हणाला मग. “हात धरून पाजत होते. थुंकलो. पण तोंडात गेली थोडी. आणि त्याच्याआधी ग्लास मीच उचलला होता. पिण्यासाठीच. मग सांडला.”

थेंब पडत राहिले.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“हेच. सगळं. पहिल्यापासून.”

त्याने पहिल्यापासून सांगितलं, त्याच क्रमाने, ग्लास उचलल्याचं न गाळता. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. त्याचं सांगून झालं तरी ती बराच वेळ ऐकतच राहिली.

मग तिने विचारलं, “सकाळची बस किती वाजता सुटते?”